परसातील खुराडे आणि गच्चीवरील ढाबळ : घरगुती पक्षिपालनाच्या स्थानिक नियमांचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

घरामागच्या परसात चार कोंबड्या राखाव्यात किंवा माडीवर कबुतरांची ढाबळ बांधावी, ही गोष्ट महाराष्ट्रात इतकी जुनी आणि इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिच्यासाठी एखादा स्वतंत्र नियम असावा असे कित्येक पिढ्यांत कोणाच्या मनात आले नाही. सांजवेळी कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या, उजाडताच मोकळ्या सोडायच्या, खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी मांडायची आणि तिची पिल्ले शेजारच्या वाफ्यात शिरली तर शेजारणीचे दोन शब्द निमूटपणे ऐकून घ्यायचे, एवढाच या व्यवहाराचा अलिखित कायदा होता. परंतु शहरांच्या हद्दी खेड्यांपर्यंत पोहोचल्या, बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, २००६ साली बर्ड फ्लूने याच राज्यातून देशात प्रवेश केला आणि २०२५ साली कबुतरांवरून मुंबईच्या रस्त्यांवर, विधिमंडळात व उच्च न्यायालयात एकाच वेळी वाद पेटला. त्यामुळे घरगुती पक्षिपालनाला कोणते नियम लागू आहेत, कोणते असावेत आणि त्यांची बजावणी कोणी करावी, हा प्रश्न आता लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाही.

येथे विचार करावयाचा आहे तो केवळ घराच्या आवारातील, दोन-पाचपासून पन्नास-साठपर्यंतच्या पक्ष्यांचा. हजारोंच्या संख्येने कोंबड्या वाढविणारी कुक्कुटगृहे हा स्वतंत्र विषय असून त्यांचा उल्लेख तुलनेपुरताच येईल. कोंबडी आणि कबुतर यांचा एकत्र विचार करण्याचे कारण असे की, या दोन पक्ष्यांभोवतीचे सामाजिक वाद अगदी भिन्न असले, तरी स्थानिक संस्थांच्या दप्तरी त्यांच्यासाठी असलेली कलमे बहुतांशी तीच आहेत.

कायद्याची पूर्वपीठिका

या विषयाचा कायदा एका ठिकाणी सापडत नाही. मुंबईत १८८८ चा महानगरपालिका अधिनियम चालतो. इतर महानगरपालिकांना १९४९ चा, नगरपरिषदांना १९६५ चा आणि ग्रामपंचायतींना १९५८ चा अधिनियम लागू आहे. यांपैकी सर्वांत जुन्या अधिनियमाचे ३८४ वे कलम बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण स्थानिक कारभाराची या बाबतीतली दृष्टी त्यात स्वच्छपणे उमटली आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून डुकरे पाळण्यास त्या कलमाने मनाई केली. इतर कोणताही प्राणी मात्र आपल्या जागेत उपद्रव होईल किंवा धोका निर्माण होईल अशा रीतीने ठेवू नये, एवढेच म्हटले. आणि प्राण्यांना विष्ठा वा तत्सम घाण खाऊ घालण्यास प्रतिबंध केला. म्हणजे डुकराच्या बाबतीत परवाना आधी, तर कोंबडी व कबुतर यांच्या बाबतीत कारवाई नंतर, तीही उपद्रव दिसून आल्यावर, असा भेद सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी केला गेला. पुढील सारा कारभार याच भेदावर उभा आहे, आणि आजच्या वादांपैकी निम्मे वाद हा भेद तसाच ठेवावा की मोडावा, याविषयीचे आहेत.

उपद्रवाची दाद मागण्याचा दुसरा मार्ग फौजदारी कायद्यातून जातो. सार्वजनिक उपद्रवाची भारतीय दंड संहितेतील व्याख्या आता भारतीय न्याय संहितेच्या २७० व्या कलमात आली आहे. रोगप्रसारास कारणीभूत होईल अशा निष्काळजीपणासाठी २७१ वे आणि आपल्या ताब्यातील प्राण्याविषयीच्या हयगयीसाठी २९१ वे कलम आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्याने उपद्रव दूर करण्याचा सशर्त हुकूम काढावा, ही पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमातील तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात कायम आहे. व्यवहारात या सर्व तरतुदींना बहुधा तक्रारदार लागतो. शेजाऱ्याने तक्रार केली नाही, तर कायदा सहसा जागा होत नाही, आणि तक्रार केली, तर पक्षी किती आहेत याहून शेजाऱ्यांचे संबंध कसे आहेत यावरच पुष्कळदा निकाल ठरतो.

केंद्रीय कायद्यांपैकी दोहोंचा संबंध थेट येतो. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने, ज्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे, तसेच झुंजीसाठी प्राण्यांना चेतविणे, हे गुन्हे ठरविले. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या अधिनियमाने आपल्या जनावरात किंवा पक्ष्यात अनुसूचित रोगाचा संशय आल्यास तो कळविण्याचे कर्तव्य मालकावर टाकले; त्या अनुसूचीत बर्ड फ्लूप्रमाणेच, १९२७ साली भारतात प्रथम ज्या गावी नोंदला गेला त्याच्या नावाने ओळखला जाणारा राणीखेत रोगही आहे.

व्यावसायिक कुक्कुटगृहांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वे असून, निवासी वस्तीपासून ५०० मीटर व जलाशयापासून १०० मीटर अंतराची अपेक्षा त्यांत आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०२० च्या आदेशानंतर ५,००० पक्ष्यांपर्यंत देखरेखीची कक्षा खाली आणण्यात आली. त्याखाली काय, या प्रश्नाला हे दप्तर उत्तर देत नाही. उपद्रवाचे जुने कलम एका टोकाला आणि पाच हजारांची मर्यादा दुसऱ्या टोकाला, यांच्यामध्ये जो विस्तीर्ण प्रदेश मोकळा पडला आहे, त्यातच राज्यातील जवळजवळ प्रत्येक घरगुती खुराडे व प्रत्येक ढाबळ येते.

कोंबडी : उत्तेजन आणि प्रतिबंध

कोंबडीच्या बाबतीत विशेष लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, शासनाचे एक अंग तिच्या पालनास पैसे देते आणि दुसरे अंग तिला उपद्रव मानते. राज्याचा पशुसंवर्धन विभाग परसातील कुक्कुटपालनासाठी २५ तलंगा व ३ नर यांचा गट, अथवा एक दिवस वयाच्या १०० सुधारित पिल्लांचा गट अनुदानाने देत आला आहे. खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या संस्था याच कामासाठी उभ्या राहिल्या. वनराजा, गिरिराजा यांसारख्या जाती गावठी कोंबडीचा काटकपणा राखून अंडी व मांस वाढावे, याच हेतूने तयार झाल्या. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांच्या घरात गेली आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याच काळात व्यावसायिक कोंबड्यांची वाढ ४.५ टक्क्यांच्या आसपास होती. परसातील कोंबडी ही मावळती प्रथा आहे, असे समजून नियम करणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत. परसातील कोंबड्या-अंड्यांचा पैसा बहुधा घरातील बाईच्या हाती राहतो, मुलांच्या वह्यापुस्तकांना व आजारपणाला तोच उपयोगी पडतो, आणि सावकाराच्या दारी न जाता अडचण निभावण्याचे ते एक साधन आहे. ही गोष्ट कोणत्याही नियमाच्या मसुद्यात आरोग्याइतकीच मोलाची मानली गेली पाहिजे, असे मला वाटते.

अडचण उत्पन्न होते ती हद्द बदलते तेव्हा. पुणे महानगरपालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली आणखी २३ गावे समाविष्ट झाली. काल ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात अनुदानाने मिळालेला तलंगांचा गट, एका अधिसूचनेने, शहरी आरोग्य खात्याच्या अधिकारात आला. पक्षी, खुराडे आणि घर तेथेच राहिले. बदलला तो त्यांना लागू असणारा अधिनियम, आणि त्याहून अधिक बदलला तो शेजार. गावठाणालगत उभ्या राहिलेल्या संकुलात नव्याने राहावयास आलेल्या माणसाला उकिरड्याचा वास आणि पहाटेचे आरवणे असह्य वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही. आणि तीन पिढ्या कोंबड्या राखणाऱ्या घराला ती तक्रार अन्यायाची वाटली, तर त्यातही नवल नाही.

आरवण्याचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु तक्रारींमध्ये तो वारंवार येतो. २०१९ साली पुण्यात एका कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याविरुद्ध पोलिसांकडे तक्रार गेली होती. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि जवळून ऐकल्यास कोणताही नर ती सहज ओलांडतो. तथापि ध्वनिवर्धक व यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून केलेला नियम पक्ष्याच्या कंठाला लावावा काय, याविषयी मतभेद आहेत. २०२५ च्या आरंभी केरळातील अडूर येथील महसुली अधिकाऱ्याने अशाच एका तक्रारीत दोन्ही बाजू ऐकून आणि जागेची पाहणी करून, पक्षी काढून टाकण्याऐवजी घराच्या वरच्या भागातील खुराडे दुसऱ्या बाजूस हलविण्याचा हुकूम चौदा दिवसांच्या मुदतीने दिला. न्यूयॉर्क शहराने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला असून तेथे माद्या पाळण्यास मुभा आहे, नराला मनाई आहे. अंड्यांपुरता विचार केला तर नराची आवश्यकता नाही. गावठी कोंबडीची वीण घरच्या घरी राखणाऱ्यांना मात्र हा तोडगा चालणार नाही.

कबुतर : पाळलेले आणि पोसलेले

कबुतरांविषयीच्या चर्चेत सर्वांत मोठा गोंधळ आहे तो दोन भिन्न व्यवहार एकत्र धरल्यामुळे. पहिला व्यवहार ढाबळीचा : लक्का, शिराझी, लोटन किंवा उंच उडणारी गिरेबाज कबुतरे निवडून आणणे, त्यांच्या जोड्या लावणे, त्यांना ठरावीक वेळी उडविणे व परत उतरवून घेणे. येथे प्रत्येक पक्ष्याला मालक आहे, तो मालक आपल्या पक्ष्याला ओळखतो आणि त्याची निगा राखतो. दुसरा व्यवहार दाणे टाकण्याचा : चौकात, सज्जात वा कबुतरखान्यात धान्य टाकून निर्मालक पारव्यांचे थवे पोसणे, ज्याच्या मुळाशी पुष्कळांच्या मनातील खरी भूतदया व धर्मभावना आहे. २०२५ चा मुंबईतील वाद संपूर्णपणे दुसऱ्या व्यवहाराविषयी होता, परंतु त्याची छाया पहिल्यावरही पडली आहे.

त्या वादाची हकीकत थोडक्यात अशी. त्या वर्षीच्या जुलैमध्ये विधान परिषदेत शासनाने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे सांगितले. महानगरपालिकेने कारवाई आरंभिली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले असता न्यायालयाने सार्वजनिक आरोग्यास अग्रक्रम देऊन, बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करण्याचे निर्देश दिले. ऑगस्टच्या आरंभी दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि त्यावरून तेथे मोठे आंदोलन झाले. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. आणि पुढे महानगरपालिकेने वस्तीपासून काहीशा दूरच्या चार जागी, सकाळच्या ठरावीक वेळेपुरती, नियंत्रित मुभा दिली. अनधिकृत जागी पक्ष्यांना खाऊ घालण्यासाठी ५०० रुपयांचा दंड मुंबईच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत आधीपासूनच होता. सज्जातील दाण्यांविषयीही न्यायनिर्णय झालेले आहेत : २०२१ साली मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयाने, वरच्या मजल्यावर दाणे घातल्यामुळे खालच्या बिऱ्हाडाला होणारा त्रास हा उपद्रवच आहे असे ठरवून, दाणे घालण्यास कायमची मनाई केली.

या सर्व आदेशांत ढाबळीचा विचार नाही, आणि तो नसणे स्वाभाविक आहे. ढाबळवाल्याचे म्हणणे असे की, आपली कबुतरे आपण मोजून पाळतो, विष्ठा साफ करतो आणि आजारी पक्षी वेगळा ठेवतो. निर्मालक थव्यांच्या वाढीचे उत्तरदायित्व आपल्यावर टाकू नये. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालानुसार २००० सालापासून देशातील पारव्यांची संख्या दीडशे टक्क्यांहून अधिक वाढली आहे. या वाढीमागे मुबलक धान्य आणि घरट्यांना सोयीच्या इमारती ही कारणे मोठी आहेत, हे मान्य करावेच लागते. परंतु गच्चीवरून सुटलेले, वाट चुकलेले वा सोडून दिलेले पक्षी त्या थव्यांत मिसळतात, हेही तितकेच खरे. म्हणून दोन व्यवहार वेगळे असले, तरी त्यांच्यामधील भिंत अभेद्य नाही.

रोगभयाचे प्रमाण

निर्बंधाच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा वैद्यकशास्त्राकडून येतो. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतील व पिसांवरील सूक्ष्म प्रथिनयुक्त धुळीमुळे काही व्यक्तींच्या फुप्फुसांत अतिसंवेदनजन्य दाह उत्पन्न होतो आणि तो दीर्घकाळ राहिल्यास फुप्फुसे कायमची कठीण होतात. हा विकार कबुतरे पाळणाऱ्यांमध्ये १९६० च्या दशकापासून वर्णिला गेला आहे. म्हणजे येथे धोक्याच्या रेषेत प्रथम उभा राहतो तो शेजारी नव्हे, तर स्वतः ढाबळवाला आणि त्याचे कुटुंब. या गोष्टीकडे वादाच्या भरात दुर्लक्ष होते, याचे मला दुःख वाटते. तथापि प्रमाणाविषयी सावधगिरी हवी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील फुप्फुसविकारांच्या नोंदवहीत १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना हा अतिसंवेदनजन्य दाह आढळला, आणि हा आकडा अनेकदा सरसकट कबुतरांच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात त्या नोंदवहीने या रुग्णांच्या बाबतीत पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या संपर्कावर मोठा भर दिला होता. कबुतर निर्दोष ठरते असे नव्हे. आकड्याचा आधार घेताना तो पुरता वाचावा, इतकेच.

कोंबडीच्या बाबतीत भय आहे ते बर्ड फ्लूचे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटगृहांत तो देशात प्रथम नोंदला गेला आणि लगेच मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील गावांत आढळला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा येथे, २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे आणि २०२५ च्या जानेवारीत उरण तालुक्यातील चिरनेर येथे तो पुन्हा दिसला. रोग मोठ्या कुक्कुटगृहांतून परसात उतरतो की परसातून कुक्कुटगृहात चढतो, यावर दीर्घ वाद आहे. एक पक्ष म्हणतो की मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचा रानपक्ष्यांशी संपर्क येतो, म्हणून धोका तेथे अधिक. दुसरा म्हणतो की दाटीने कोंडलेल्या एकाच वाणाच्या हजारो पक्ष्यांत विषाणू ज्या वेगाने फोफावतो, तसा दहा गावठी कोंबड्यांत फोफावत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि एकावरूनच नियम बेतला, तर तो अपुरा पडेल.

प्रमुख भूमिका

आज चार भूमिका ठळकपणे मांडल्या जातात. दाट निवासी वस्तीत पक्षिपालनास पूर्ण बंदी असावी, असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद अंमलबजावणीच्या सोयीवर आधारलेला आहे : पक्षी मोजणे, अंतर मापणे, विष्ठेची पाहणी करणे, एवढे मनुष्यबळ कोणत्याही पालिकेपाशी नाही, बंदीचा नियम तपासण्यास सोपा असतो. उपजीविकेचा पक्ष म्हणतो की अशा बंदीचा भार बंगलेवाल्यावर न पडता वस्त्यांतील व नव्याने शहरात आलेल्या गावांतील कुटुंबांवर पडेल. प्राणिकल्याणवाद्यांची भूमिका या दोहोंना छेदून जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली पक्ष्यांना मोकळ्या आकाशात उडण्याचा मूलभूत हक्क आहे असे मत नोंदविल्यापासून त्यांच्यापैकी काहींना अरुंद पिंजरा हाच मुख्य अपराध वाटतो, आणि म्हणून ते बंदीच्या नावाखाली होणाऱ्या जप्तीलाही विरोध करतात व खुराड्याच्या दाटीलाही.

चौथी भूमिका मानकांची आहे, आणि माझा कल तिच्याकडे आहे हे मी लपवीत नाही. घराच्या आवारानुसार पक्ष्यांची कमाल संख्या, शेजारच्या दार-खिडकीपासून खुराड्याचे किमान अंतर, विष्ठा वाळू न देता उचलण्याची व तिच्या खताची व्यवस्था, खाद्य उंदरांपासून सुरक्षित ठेवणे, राणीखेतविरोधी लसीकरण आणि साधी नोंदणी, इतक्या अटी पाळणाऱ्याला निर्धास्त मुभा असावी, असे ही भूमिका सांगते. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी पाळणाऱ्यालाही शासनाकडे नोंद करावी लागते. तेथे या नोंदीचा हेतू साथीच्या वेळी पक्षी कोठे आहेत हे कळावे, असा आहे. आपल्याकडे नोंदणी म्हटली की कर, दंड आणि हेलपाटे यांची आठवण लोकांना प्रथम होते, हा त्या मार्गातला खरा अडसर आहे.

गृहनिर्माण संस्थांचे क्षेत्र यांहूनही अस्पष्ट आहे. कुत्र्यांविषयी भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या असल्याने संस्थांच्या अधिकाराची सीमा काहीशी आखली गेली. सज्जातील ढाबळ किंवा सामाईक गच्चीवरील खुराडे यांबाबत तेवढी स्पष्टता नाही, आणि सामाईक जागेच्या वापराच्या सर्वसाधारण नियमांवरच भिस्त ठेवावी लागते.

अनिर्णीत राहिलेले

कित्येक प्रश्न अद्याप सुटलेले नाहीत, आणि त्यांतील पहिला संख्येचा आहे. ‘घरगुती’ म्हणजे किती? शासन स्वतः १०० पिल्लांचा गट देते, म्हणजे शंभरापर्यंतचे पालन ते घरगुतीच समजते. पण शंभर कोंबड्या दोन गुंठ्यांच्या परसात एक गोष्ट आणि चाळीच्या मागल्या बोळात दुसरी. दुसरा प्रश्न अधिकाराचा : महानगरपालिकेचे आरोग्य खाते, पशुसंवर्धन विभागाचा पशुधन विकास अधिकारी, पोलीस ठाणे आणि कार्यकारी दंडाधिकारी, या चौघांपैकी प्रथम कोणाकडे जावे हे सामान्य नागरिकाला कोणी सांगत नाही; परिणामी पक्षी व रोग यांचे ज्ञान असलेल्या अधिकाऱ्यापर्यंत प्रकरण पोहोचण्यापूर्वीच ते पोलिसी बनते. समाविष्ट गावांना संक्रमणकाळाची मुदत द्यावी काय, आणि दिल्यास किती वर्षांची, याचाही निर्णय व्हावयाचा आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न भरपाईचा आहे. साथ निश्चित झाल्यावर बाधित जागेभोवतीचे पक्षी नष्ट करण्यात येतात. पूर्वी हा पट्टा ३ किलोमीटरांचा होता, आता तो १ किलोमीटरवर आला आहे. भरपाईचा भार केंद्र व राज्य निम्मा निम्मा उचलतात, परंतु ती मिळते नष्ट केलेल्या पक्ष्यांची, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. जिच्या दहा कोंबड्यांपैकी सात रात्रीत गेल्या, तिला उरलेल्या तिघींचे पैसे मिळतील, आणि तिने दिलेल्या वर्दीवरून शेजारच्या वीस घरांची निरोगी खुराडीही रिकामी होतील. २००९ च्या अधिनियमाने रोग कळविण्याचे कर्तव्य तिच्यावर घातले आहे. ते तिने निर्भयपणे पार पाडावे अशी अपेक्षा असेल, तर मेलेल्या पक्ष्यांनाही काही अंशी भरपाईच्या हिशेबात धरण्याची तरतूद नोंदणीच्या सक्तीच्या आधी यावयास हवी, नंतर नव्हे.